भैरोबाच्या पाण्यातलं पातं

लाटा म्हटलं की लोकांना अलिबाग आठवतं, मला पवनेचं धरण आठवतं. मावळात कुठल्या आल्यात लाटा, असं म्हणणाऱ्याला मी वैशाखातल्या दुपारी धरणावर घेऊन जातो आणि काठावर उभं करतो. कोकणातून घाट चढून आलेला वारा दोन डोंगरांच्या खिंडीतून पाण्यावर उतरतो तेव्हा टोपी धरायची की धोतर, हे माणसाला कळेनासं होतं. पुन्हा म्हणून तो मला लाटांचं विचारत नाही.

मी कुरवंड्याचा सुतार. आता घोरावाडीला मुलाकडे असतो आणि सुनेच्या पोळपाटाचा पाय बसवण्यापलीकडे हत्याराला हात लावत नाही. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी धरणावरच्या बोट क्लबात बोटींचा मिस्त्री मी होतो, आणि माझ्यासारखा मिस्त्री त्या पाण्याला पुन्हा मिळाला नाही. हे मीच सांगतोय, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. त्याआधी मुंबईच्या गोदीत बरीच वर्षं काढली होती. बायको म्हणायची, आख्खा जन्म लाकूड तासलंत, स्वभाव मात्र तासायचा राहिला. खरं होतं तिचं.

क्लबात शिडाच्या बोटी होत्या, वल्ह्यांच्या होत्या. मग एका वर्षी सेक्रेटरी साहेब परदेशातून एक लांबलचक फळी घेऊन आले. फळीवर डोलकाठी, काठीला शीड, आणि शिडाला आडवा दांडा. फळीवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं. सुकाणू नाही, बसायला जागा नाही. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, साहेब, ही बोट अर्धी राहिलीय, बाकीची कधी येणार? साहेब हसले, फळीवर चढले आणि बघता बघता तलावाच्या मध्यावर गेले. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

आता यातली मेख सांगतो. वाऱ्यानं फळी आडवी वाहून जायला पाहिजे, पण ती सरळ पुढे जाते. का? तर तिच्या बुडाला, शेपटीकडे, माशाच्या परासारखं एक उभं पातं असतं. साहेब त्याला फिन म्हणायचे, आम्ही सगळे पातंच म्हणायचो. वितीएवढी वस्तू, पण सगळा खेळ तिचा. फळीच्या मधोमध आणखी एक मोठी फळी खाली सोडता येते, मात्र जोराचा वारा असला की ती काढून पाठीला अडकवायची. मग सारी भिस्त मागच्या पात्यावर.

पातं लांब आणि सरळ असलं की पाण्याला घट्ट धरतं. सपाट पाण्यात, एका रेषेत, वाऱ्याच्या तोंडावर जायला ते उत्तम. पण लाटा उठल्या की तेच पातं वैरी होतं. फळी वळत नाही, वेग वाढला की एका कडेवर उठते आणि वरच्याला फेकून देते. लाटांना आखूड, बुडाशी रुंद आणि मागे कललेलं पातं पाहिजे. त्यात शेवाळ अडकत नाही आणि टाचेच्या इशाऱ्यावर फळी फिरते. पण आखूड म्हणून फारच आखूड केलं तर चिखलात गाडीचं चाक सरकावं तशी शेपटी सरकते. शिवाय माणूस जड की हलका, शीड मोठं की लहान, हेही बघायचं. पुढची कड जाड, मागची सुरीसारखी, आणि दोन्ही गाल सारखे. एक गाल जरा जरी फुगला तरी पातं पाण्यात गुणगुणायला लागतं. मी कानसेनंतर पॉलिश पेपर फिरवायचो आणि डोळे मिटून अंगठ्यानं तपासायचो. डोळा फसतो, अंगठा नाही.

मुंबईचे एक शेठ आले होते. त्यांना सगळ्यांत मोठं पातं पाहिजे होतं. म्हटलं, शेठ, पाणी उतरलंय, खाली गावाची झाडं आहेत. ते म्हणाले, मिस्त्री, माल मोठा तर काम मोठं. मी दिलं मोठं बसवून. गेले जोरात, आणि बुडालेल्या चिंचेच्या बुंध्याला पातं असं अडकलं की फळी जागेवर राहिली आणि शेठ एकटेच पुढे गेले. वर आल्यावर विचारतात कसे, ‘इथे झाड कोणी लावलं?’ मी म्हटलं, ‘तुमच्या आमच्या आज्यानं, शेठ. त्याला काय माहीत तुम्ही येणार ते!’

तर पाण्याखाली गाव होतं. धरण बांधलं तेव्हा ते बुडालं, माणसं वरच्या अंगाला येऊन राहिली. त्यांतलाच नामदेव. पंचविशीतला गडी, सडपातळ, पायांत माकडाचा तोल. क्लबात तो बोटी ओढायचा, शिडं वाळत घालायचा. साहेबांनी सहज एकदा त्याला फळीवर चढवलं आणि पोरगा जो सुटला तो थांबेचना. आठवडाभरात तो साहेबांच्या बरोबरीनं जायला लागला. साहेब मोठ्या दिलाचा माणूस. त्यांनी कमिटीत सांगितलं की शिकवायला मुंबईहून माणूस आणण्यापेक्षा नामदेवलाच नेमू. कमिटी म्हणाली, नेमू, पण परीक्षा घेऊन. शिकवणाराच लाटांत पडायला लागला तर शिकणाऱ्याला कोण काढणार? पलीकडच्या काठाजवळ लाल निशाण लावायचं, दुपारच्या वाऱ्यात त्याला वळसा घालून परत यायचं, आणि एकदाही पडायचं नाही. अट वाजवी होती. मी कमिटीत असतो तर तीच घातली असती.

नामदेवाला ती नोकरी म्हणजे काय होती ते सांगायला हवं. जमीन पाण्यात गेलेली. बोटी ओढण्याचं काम हंगामापुरतं. मामानं त्याच्यासाठी भिवंडीत यंत्रमागावर जागा बघून ठेवली होती. पण त्याची आई, सोनामावशी, जागचं हलायला तयार नव्हती. ती म्हणायची, ‘माझा देव हितं पान्यात बसलाय. त्याला टाकून मी कुटं जाऊ?’ म्हणजे पोरगा भिवंडीला आणि म्हातारी इथे एकटी, असं होणार होतं. तिला दिसायचंही जरा कमीच. नामदेव माझ्याशी बोलताना हसायचा, पण एकदा शीड गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ‘मिस्त्री, म्या गेलो तर ती पावसाळा काडायची न्हाई.’ मी म्हटलं, जातोस कशाला? मी पातं करतो असं, की तुला पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही.

आणि इथेच माझी फजिती सुरू झाली. नामदेव कुठेही पडत नव्हता, एक जागा सोडून. तलावाच्या मध्यापलीकडे, बरोबर खिंडीच्या समोर, वारा थेट अंगावर येतो आणि लाटा उभ्या राहतात. तिथवर गडी असा जायचा की बघत राहावं. तिथे पोचला की शीड एकदम ढिलं पडायचं आणि हा पाठीवर पाण्यात. काल पडला, आज पडला, उद्याही तिथेच. मी धक्क्यावरून बघायचो. मला त्याची पाठ आणि शीड, एवढंच दिसायचं.

मी म्हटलं, पात्याचा दोष. दुसरं काय असणार? क्लबात आलेलं पातं लांब होतं, ते लाटांत टिकत नाही हे मी वर सांगितलंच. लोणावळ्याच्या वखारीतून जुन्या सागाचा तुकडा निवडून आणला, आखूड आणि मागे कललेलं पातं केलं. नामदेव गेला, आणि त्याच जागी पडला. मी म्हटलं, फारच आखूड झालं, शेपटी सरकते. मग बुडाशी रुंद करून दुसरं केलं. पुन्हा तेच. तेव्हा मात्र मी पेटलो. तिसरं पातं मी शिसवीचं केलं. दोन दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं. गाल असे आले होते की त्यावर माशी बसली तर घसरावी. साहेबांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, ‘मिस्त्री, हे तर बाहेरच्या देशातही मिळणार नाही.’ आणि ते पातं लावून नामदेव तिथेच, तसाच, पाठीवर पडला.

साहेब यावर उतारा म्हणून त्याला काठावर उभं करून शिकवायचे. गुडघे वाकव. हात सरळ ठेव, दांडा ओढू नकोस, त्याला लटक. झोत आला की मागचा हात किंचित सैल सोड, पुढचा नको. पायांकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ. लाट येताना तिच्याशी भांडू नकोस, तिच्या पाठीवर बसून वळ. सगळं बरोबर होतं आणि नामदेव ते सगळं करत होता. तरी पडत होता.

शेवटी मी वल्ह्याची बोट काढली आणि त्या जागेजवळ जाऊन थांबलो. म्हटलं, माझं पातं पाण्यात काय करतं ते या डोळ्यांनी बघणार. नामदेव आला. काय आला! गुडघे मऊ, नजर पुढे, पातं पाण्याला धरून. लाट आली, तो तिच्यावर चढला. आणि बरोबर तिथे, काय सांगू, त्याचा उजवा हात दांड्यावरून सुटला, कपाळाला गेला, छातीला लागला. दांडा मोकळा, शिडातला वारा गेला आणि गडी उताणा.

मी ओरडलो, ‘अरे गाढवा, हात कुठं गेला तुझा?’

तो पाण्यातून तोंड काढून म्हणाला, ‘कुटला हात?’

त्याला ठाऊकच नव्हतं. मग दोघांच्याही डोक्यात उजेड पडला. त्या पाण्याखाली भैरोबाचं देऊळ होतं. गाव उठलं तेव्हा देवाला विचारलं होतं, आमच्याबरोबर येतोस का? नामदेवाचे वडील भगत होते. त्यांनी देवाच्या दोन्ही अंगांना फुलं लावून कौल मागितला. उजवं फूल पडलं तर देव येणार, डावं पडलं तर राहणार. डावं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावं. गाव वर गेलं, देव खाली राहिला. तेव्हापासून होडीतून त्या जागेवरून जाताना गावातला प्रत्येक माणूस हात जोडतो. मीही कितीदा पाहिलं होतं. पण होडीत बसलेल्याचे हात मोकळे असतात हो! आणि विचार करायला हवा होता मी. पात्यानं दगा दिला तर माणूस पुढे नाहीतर आडवा जातो, पाठीवर पडत नाही. एवढं साधं मला कळलं नाही, कारण माझा जीव पात्यात अडकला होता.

म्हटलं, सुटलो, रोग सापडला. नामदेवला बजावलं, तिथे हात जोडायचे नाहीत, मनात नमस्कार कर. तो म्हणाला, करतो. गेला आणि पडला. म्हणाला, ‘मिस्त्री, म्या मनातच करत व्हतो. हात आपला आपनच गेला.’ लहानपणापासूनचा हात तो, ऐकतो काय? मग मी एक अक्कल लढवली. चामड्याच्या पट्ट्यानं त्याचा उजवा हात दांड्याला बांधला. हात सुटला नाही, पण हात ओढला गेला, त्याबरोबर दांडा ओढला गेला आणि शीड त्याच्या अंगावर येऊन पडलं. शिडाखाली बांधलेल्या हातानं तो गटांगळ्या खाऊ लागला. मी बोट कशी मारली ते माझं मला माहीत. पट्टा कापून त्याला बोटीत ओढला. साहेब मला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. कमिटीचे लोक लोणावळ्याहून मोटारीनं आले, चिक्कीचे पुडे घेऊन धक्क्यावर छत्र्यांखाली बसले. निशाण नेमकं असं लावलं होतं की जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, देवळावरून जाणं आलं. मी साहेबांना म्हटलं, जरा खाली सरकवा. ते म्हणाले, ‘मिस्त्री, तो रोज तिथे शिकवणार आहे. आज चुकवून काय होईल?’ बरोबर होतं त्यांचं, म्हणून मला अधिकच राग आला. तो राग मी शेडमागे जाऊन नामदेवावर काढला.

‘एक हात सांभाळता येत नाही तुला! भिवंडीत माग चालवताना कुठला देव आडवा आला तर बोटं तुटतील, कळतंय का?’

‘म्या काय मुद्दाम करतोय व्हय? बापानं कौल लावला, त्या देवावरनं नुसता जाऊ कसा?’

तेवढ्यात सोनामावशी भाकरीचं फडकं घेऊन आली. ‘काय लावलंय रं दोगांनी? कशापायी वरडताय?’

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरगा पडतो एवढं माहीत होतं, का पडतो ते नामदेवानं तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मला वाटलं, म्हातारी रडेल, नाहीतर देवाला कोंबड्याचा नवस बोलेल. तिनं त्यांतलं काहीच केलं नाही. मग लेकाकडे वळली.

‘नामा, तुजा बाप नांगर धरायचा तवा देवाची पालकी बांधावरनं जायाची. त्यानं कवा नांगर सोडला व्हय रं?’

‘न्हाई.’

‘मंग हात कोन जोडायचं?’

मावशीनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

‘म्या जोडायची. बांधावर हुबी ऱ्हाऊन. घरातलं एक मानूस पुरतं देवाला, दुसऱ्यानं काम करावं. आज तुज्या वाटचा नमस्कार माजा. तू दोनी हात दांड्याला ठिव आनि फुडं बग. तितं मागं बगायचं न्हाई, खाली बगायचं न्हाई.’

आयुष्यभर मी लाकडाला आकार दिला, पण अशी खुंटी इतकी नेमकी बसलेली मी पाहिली नाही. नामदेवानं आईच्या पायांना हात लावला आणि शीड उचललं. मी पात्याचा खिळा एकदा तपासला, उगाचच. म्हातारी काठाच्या टेकाडावर जाऊन देवळाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तिला आधार म्हणून मी शेजारी गेलो. खरं म्हणजे मला धक्क्यावर कमिटीजवळ उभं राहवेना.

वारा त्या दिवशी जरा जास्तच होता. पाण्यावर पांढरे तुरे उठले होते. नामदेव निघाला. मधली फळी त्यानं पाठीला अडकवली होती, सगळा भार माझ्या शिसवीच्या पात्यावर. मावशीनं हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. मी डोळे मिटू शकलो नाही. तो मध्यावर गेला. खिंडीचा झोत आला, शीड कलंडलं, त्यानं मागचा हात साहेबांनी सांगितला तसा किंचित सैल केला आणि पुन्हा घेतला. लाट उभी राहिली. मी मनात म्हणत होतो, धर, धर, धर. तो लाटेवर चढला, वरून उतरला आणि पुढे निघून गेला. दोन्ही हात दांड्यावर.

‘मावशी! गेला! गेला की तुझा पोरगा पलीकडं!’

‘पडला न्हाई?’

‘नाही पडला. उघड डोळे, बघ तरी!’

‘थांब रं बाबा. माघारी यायचाय अजून.’

तिनं डोळे उघडले नाहीत. नामदेवानं निशाणाला वळसा घातला. तो वळसा मी आजही कोणालाही करून दाखवा म्हणतो. लाटेच्या पाठीवर टाच दाबली आणि फळी जागच्या जागी फिरली. इतकं आखूड आणि तरी न सरकणारं पातं मी केलं होतं, हे त्या क्षणी कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं. मग तो परत निघाला, पुन्हा खिंडीसमोर आला. या खेपेला दोन लाटा एकापाठोपाठ आल्या, दुसऱ्या लाटेनं फळीचं नाक वर उचललं आणि तो शिडाआड दिसेनासा झाला. माझ्या घशातून काय आवाज आला देव जाणे. म्हातारी जोडलेल्या हातांनी तशीच उभी होती. शीड पुन्हा दिसलं, उभं होतं.

तो काठाला लागला तेव्हा धक्क्यावर टाळ्या वाजत होत्या. साहेब गुडघाभर पाण्यात उतरले, शिकवणाऱ्यांचा लाल बनियन त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, ‘सोमवारपासून वेळेवर ये.’ नामदेवानं मान हलवली आणि थेट टेकाड चढून आमच्याकडे आला. धापा टाकत आईसमोर उभा राहिला.

‘आय, झालं. आलो.’

तिनं डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढे केला. त्याचा चेहरा चाचपला, खांदा चाचपला. शिंतोड्यांनी सदरा ओलाचिंब होता, तिचा हात तिथे थांबला, आणि पोरगा पडलाच की काय, अशा शंकेनं तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं त्याचं डोकं खाली वाकवलं आणि केसांत बोटं खुपसली, अगदी मुळापर्यंत.

‘मिस्त्री,’ ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले, ‘मुळाशी कोरडं हाय वो.’